मोजणीदाराचे कान

मी संशोधन केंद्रात रुजू झाले तेव्हा हातातली बॅगही खाली ठेवू न देता संचालक म्हणाले, "खोली कुठं पळून जात नाही. आधी मोजणीदारांबरोबर माळावर एक फेरी मारून या."

मोजणीदार हे काही त्यांचं नाव नव्हे, आणि पदही नव्हे. हजेरीपटावर ते 'क्षेत्र सहायक' होते. पण सत्तावीस वर्षं ते माळावरचे पक्षी मोजत आले होते, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. मी पहिल्याच दिवशी काका म्हणून हाक मारली आणि ती त्यांनी चालवून घेतली. उंच, काटकुळा माणूस. डोक्यावर उन्हानं रंग उडालेली टोपी, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि त्या बुटांना सायकलच्या ट्यूबची ठिगळं.

केंद्राच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की माळ सुरू व्हायचा. नजर थकेपर्यंत गुडघाभर गवत. मधूनमधून सखल जागा, तिथं पाणी साचून राहिलेलं आणि गवत कमरेला लागणारं. या सगळ्या पसाऱ्यात लाकडाच्या चाळीस खुंट्या ठोकलेल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर. उजाडल्यावर एकेका खुंटीपाशी जायचं, पक्षी शांत होईपर्यंत दोन मिनिटं थांबायचं, मग पाच मिनिटं जे दिसेल आणि ऐकू येईल ते तक्त्यावर लिहायचं. काम एवढंच.

पहिल्या खुंटीपाशी काकांनी टोपी काढून बगलेत धरली आणि डोळे मिटले. मी माझी नवी कोरी दुर्बीण सरसावून उभी. मला नुसतं गवत दिसत होतं.

"चंडोल दोन," काका हलकेच म्हणाले. "एक वर आभाळात, एक तुमच्या डाव्या हाताला जमिनीवर. भारीट, नर, साठ पावलांवर, वाळक्या काटकीच्या शेंड्यावर. टिटवी ओरडतेय ती आपल्यावर नव्हे, तिच्या पिलांजवळून काहीतरी सरपटत गेलंय."

डोळे मिटलेलेच! मी काटकी शोधली. शेंड्यावर भारीट बसला होता. मोजणी संपल्यावर मला राहवेना. मी पावलं मोजत तिथवर गेले. बासष्ट भरली. परत आले तेव्हा काका ओशाळून हसत होते. "तुमची पावलं लहान आहेत, मॅडम."

त्या सकाळी मी माळाकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत राहिले. एखाद्या माणसाला कानांनी इतकं लख्ख दिसू शकतं, हे मला शिकवलेल्या कुठल्याच तासाला कुणी सांगितलं नव्हतं.

ते इथं आले कसे, ती हकिगत मला संचालकांनी सांगितली. तरुणपणी काका दुग्धशाळेच्या कुरणावर गवत कापायचं यंत्र चालवत. त्यांनी कापलेल्या कुरणात जागोजागी गवताची बेटं उभी राहिलेली असत. मालक रोज ओरडायचा. एक दिवस केंद्राचे तेव्हाचे मोठे साहेब रस्त्यावर गाडी थांबवून आत गेले आणि त्यांनी विचारलं, ही बेटं कशासाठी? काका म्हणाले, "खाली घरटी आहेत." कशावरून? "यंत्र जवळ गेलं की आतली मादी एक बारीक आवाज काढते." यंत्राच्या त्या खडखडाटात याला तो आवाज ऐकू येतो! साहेबांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना केंद्रात बोलावून घेतलं.

आम्ही फिरत फिरत सतरा नंबरच्या खुंटीशी आलो. माळाच्या उत्तरेकडचा हा पाणथळ तुकडा. इथं काका सात मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं थांबले.

"इथं किरकिरे असायचे," ते म्हणाले. "अजून दोन महिन्यांनी यायची त्यांची वेळ. एका खुंटीवरून आठ-आठ नर ऐकलेत मी. कमी होत होत, गेली सहा वर्षं एकही नाही."

किरकिऱ्या म्हणजे अंगठ्याएवढा मातकट रंगाचा पक्षी. वजन दोन नाण्यांएवढं. समुद्र ओलांडून येतो, ओल्या गवतात घरटं करतो आणि परत समुद्र ओलांडून जातो. सहसा दिसत नाही; त्याचं असणं म्हणजे त्याचा आवाज. सुईसारखा बारीक, उंच, लांबत जाणारा. ठाऊक नसलेल्याला टोळच वाटावा.

"गेले कुठं असतील, काका?"

"कुणाला ठाऊक! आपण इथं उभं राहून वाट बघायची," ते म्हणाले आणि टोपी घालून चालू लागले.

माझं काम होतं माळावर आवाज टिपणाऱ्या पेट्या लावण्याचं. छोट्या हिरव्या पेट्या, खांबाला अडकवायच्या. त्या आपापल्या वेळेला जाग्या होऊन माळाचा आवाज साठवत. दोन महिन्यांनी विणीचा हंगाम सुरू झाला तेव्हा एक पेटी मी सतरा नंबरलाही लावली. खरं तर काकांचा मान राखायचा म्हणूनच.

आठवड्यानं पेट्यांमधला ऐवज संगणकावर उतरवला. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. जाडाभरडा आवाज खाली, बारीक आवाज वर. कावळ्याचे खाली काळे डाग पडतात, टिटवीच्या मध्यावर तिरक्या रेघा. सतरा नंबरचं चित्र उघडलं आणि माझा हात थांबला. अगदी वरच्या अंगाला, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक दातांच्या फण्यांसारख्या ओळी होत्या. एकीत एक मिसळलेल्या, एक थांबली की दुसरी सुरू. किमान पाच पक्षी. मंगळवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

मंगळवारी सहा वाजून दहा मिनिटांनी काका त्या खुंटीपाशी उभे होते. मी त्यांचा तक्ता काढला. किरकिऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात शून्य.

टोळ असतील, असं मी मनाला बजावलं. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप असताना उडी मारून एकटीच गेले. खुंटीपाशी उभी राहिले, आणि दोन मिनिटंही थांबावं लागलं नाही. चहूबाजूंनी तो सुईसारखा आवाज निघत होता, जसं काही ओलं गवतच कुणीतरी धार लावायला घेतलं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि मला काकांच्या तक्त्यावरचं शून्य आठवत होतं.

गुरुवारी मी काकांबरोबर गेले. त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले, कानांत प्राण आणून उभे राहिले. दहा पावलांवर गवताच्या काडीवर एक किरकिऱ्या चढून आला. चोच उघडी, गळा थरथरतोय, अख्खं इवलंसं अंग आवाजानं हलतंय. पाच मिनिटं झाली. काकांनी डोळे उघडले, घड्याळ पाहिलं, आणि तोवर तो पक्षी गवतात उतरला होता. त्यांनी शून्य लिहिलं.

काका केंद्रातच होते; मी तिथून आले ती तडक त्यांच्या घरी गेले. काकू स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मनगटी घड्याळाचा गजर यांना ऐकू येत नाही, दोन-तीन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "उशाशी वाजत राहतं. मीच उठवते. मला वाटलं, झोप गाढ लागते."

"तुम्ही सांगाल त्यांना?"

"मी? माझं तर त्यांना लग्न झाल्यापासून ऐकू येत नाही." हसता हसता त्यांचे डोळे भरले. "तूच सांग बाई. मी सांगितलं तर घरातली कुरबुर होईल. तू सांगितलंस तर कामाची गोष्ट होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकांना संगणकाच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"काय झालं मॅडम? पेटी बिघडली?"

"पेटी चांगली आहे, काका. हे बघा." मी चित्र उघडलं आणि वरच्या ओळींवर बोट ठेवलं. "हे किरकिरे."

ते पुढं वाकले. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. "कुठली ही?"

"सतरा नंबर. या मंगळवारची. तुम्ही तिथं होता तेव्हाची."

काकांनी बोट पुढं केलं आणि पडद्यावर एकेका ओळीवर टेकवत गेले. "एक. दोन. हा तिसरा, याची लय वेगळी आहे. चार. पाच..." बोट थांबलं. "हा फिकट दिसतोय तो लांबचा. सहा." मी पाचच मोजले होते.

"वय झालं की सगळ्यात वरचे आवाज आधी जातात, काका. सगळ्यांचेच. बाकीचं सगळं नीट ऐकू येत राहतं, म्हणून कळत नाही." हे वाक्य मी रात्रभर घोकलं होतं.

ते रागावतील, नाकारतील, खचतील, या सगळ्याची तयारी मी केली होती. त्यांनी केलं त्याची मात्र केली नव्हती. ते खुर्ची मागं ढकलून ताडकन उठले.

"म्हणजे आहेत!"

"काका..."

"अहो मॅडम, आहेत ते! गेलेच नाहीत!" ते मोठमोठ्यानं हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "सहा वर्षं मी तिथं उभा राहून मेलेल्या माणसाची वाट बघतोय, आणि हे लेकाचे माझ्या पायांशी गात होते! कान गेले ना माझे? जाऊ देत! पक्षी आहेत!"

आपलं सगळ्यात मोठं भांडवल हरपल्याचं कळल्या क्षणी एखादा माणूस इतका सुखावू शकतो, हे मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र ते कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते सहा वर्षांचे तक्ते काखेत मारून. तोंड उतरलेलं.

"या शून्यांचं काय करायचं, मॅडम?"

प्रश्न साधा नव्हता. त्या शून्यांवरून आमच्या केंद्रानं वर अहवाल पाठवला होता की उत्तरेच्या तुकड्यात आता कुठला खास पक्षी उरलेला नाही. आणि त्या अहवालाच्या आधारानं जमीन खात्यानं तिथं चर खणून पाणी काढायचं आणि तुकडा नांगराखाली घ्यायचा, असं ठरवत आणलं होतं. शेवटची बैठक दहा दिवसांवर होती.

काका म्हणाले, "आधी माझे कान तपासून घ्या. कागदावर."

शहरातल्या दवाखान्यात एक काचेची खोली होती. काका आत, कानांवर मोठी यंत्रं, हातात बटण; आवाज आला की दाबायचं. काकू आणि मी बाहेर. खालचे, मधले आवाज सुरू असताना त्यांचा अंगठा सटासट चालला होता. तपासनीस बाई आवाज चढवत गेल्या, आणि एका जागी अंगठा थांबला तो थांबलाच. बाईंनी दुसरं यंत्र माझ्या कानाला लावून दाखवलं. कान किटतील असा तीक्ष्ण आवाज येत होता. काचेपलीकडे काका तो येण्याची वाट बघत शांत बसले होते. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

बाईंनी आलेख छापून दिला. रेघ बराच वेळ सपाट आणि मग एकदम कड्यासारखी खाली. काकांनी त्या कड्यावर बोट ठेवलं. "हा कुठल्या साली तुटला?"

"ते सांगता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "हळूहळू होतं."

बैठकीत लांबलचक टेबल होतं आणि समोर जमीन खात्याचे अधिकारी आमचाच अहवाल आम्हाला वाचून दाखवत होते. काका उठून उभे राहिले. टोपी हातात.

"साहेब, ते शून्य माझे आहेत. पक्ष्यांचे नाहीत." त्यांनी आलेख टेबलावर उलगडला. "मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. कधीपासून, ते सांगता येत नाही. म्हणून सहा नव्हे, गेल्या दहा वर्षांचे माझे किरकिऱ्याचे आकडे कुणी खरे धरू नयेत."

संचालकांनी मान खाली घातली. दहा वर्षांचं काम एका वाक्यात काकांनी स्वतःच मोडीत काढलं होतं, आणि आवाज जराही कापला नव्हता.

अधिकारी माणूस वाईट नव्हता, पण सहजासहजी पटणाराही नव्हता. "आज तुम्ही म्हणता कान गेले. या बाई म्हणतात पेटीत पक्षी आहेत. मी म्हणतो, टोळ असतील."

"असू शकतात," काका म्हणाले. "म्हणून तुम्हीच या. उद्या सकाळी साडेपाचला. बूट मी देतो."

आणि ते आले! काकांच्या जुन्या बुटांत पाय घालून, पँट खोचून, साहेब आमच्या मागं चिखल तुडवत आले. घरटी शोधायची आमची रीत सोपी आहे. तीस मीटर दोर घ्यायचा, दोन टोकांना दोन माणसं, आणि गवताच्या शेंड्यांवरून तो हलके ओढत न्यायचा. दोर डोक्यावरून गेला की घरट्यावरची मादी निसटते. पण ती नेमकी कुठून निसटली ते डोळ्यांनी टिपावं लागतं, आणि किरकिऱ्याची मादी उडत नाही, उंदरासारखी गवतातून पळते.

दोन फेऱ्या फुकट गेल्या. तिसऱ्या फेरीत काकांनी एकदम हात वर केला. मला काहीच दिसलं नव्हतं. ते नजर एका जागी खिळवून, पाऊल चाचपत पुढं गेले, गुडघ्यांवर बसले आणि दोन बोटांनी गवताची पाती बाजूला केली.

"या साहेब. हात मागं ठेवा."

अर्ध्या मुठीत मावेल अशी वाटी. कडेला केसासारख्या काड्या विणलेल्या, वरती जिवंत पातीच वाकवून केलेलं छप्पर, आणि आत चार अंडी, नखाएवढी, सायीच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. सकाळचा प्रकाश छपरातून गाळून त्यांच्यावर पडला होता. आजूबाजूला सगळं ओलं होतं, पायांखाली पाणी चुबकत होतं, आणि ती वाटी मात्र आतून कोरडी ठणठणीत होती. साहेब वाकले ते वाकलेलेच राहिले. मग कुजबुजले, "हे... हे कुणी चोचीनं केलंय?"

तेवढ्यात जवळच नर गायला लागला. साहेबांनी मान वर केली.

"हा आवाज? हा तर मी लहानपणापासून ऐकतोय. मला वाटायचं, गवतच वाजतं."

काका त्यांच्याकडे वळले. "येतोय? आत्ता?"

"हो, येतोय की."

"कुठून, साहेब?"

साहेबांनी बोट दाखवलं.

"लांब की जवळ? वीस पावलं?"

"जास्त. तीस... पस्तीस."

"आणखी कुठून?"

मग तो खुर्चीतला माणूस चिखलात उभा राहून, डोळे मिटून, बोटांनी दिशा दाखवत गेला आणि काका तक्त्यावर लिहीत गेले. पाच मिनिटं. मी घड्याळ धरून होते. पाच नर झाले. काकांनी खाली सही केली आणि साहेबांनाही करायला लावली.

चर खणायचं काम थांबलं. दोन हंगाम नव्यानं मोजणी झाली, तिघांच्या कानांनी आणि पेट्यांनी, आणि मग तो तुकडा कायमचा गवतालाच राहिला. पूर्वीच्या आठांच्या जागी पाच. म्हणजे पक्षी घटले होतेच. पण संपले नव्हते. केंद्रात नियम झाला की मोजणी करणाऱ्या प्रत्येकाचे कान दरवर्षी हंगामाआधी तपासायचे. काका आम्हाला स्वतः दवाखान्यात घेऊन जायचे आणि काचेबाहेर उभे राहून परीक्षेला बसवलेल्या मुलांच्या बापासारखे येरझारा घालायचे.

पुढं त्यांना कानात घालायचं यंत्र मिळालं. उंच आवाज पकडून ते खालच्या पट्टीत आणून देतं. पहिल्यांदा घालून सतरा नंबरला गेलो तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले. "हा त्याचा आवाज नव्हे," म्हणाले. "कुणीतरी त्याची नक्कल करतंय." मी हिरमुसले. पण त्यांनी यंत्र काढलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "थांबतो मात्र त्याच जागी. श्वासही तिथंच घेतो. तोच आहे." आणि हसले. तरीही त्या यंत्राच्या भरवशावर त्यांनी एकही आकडा लिहिला नाही. मोजणी आमच्याकडे दिली आणि स्वतः घरटी शोधायला लागले. निवृत्त होईपर्यंतच्या चार वर्षांत त्यांनी किरकिऱ्याची एकशे सहा घरटी शोधली. तेवढी आधी अख्ख्या केंद्रानं मिळून शोधली नव्हती.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात आम्ही पक्ष्यांच्या पायांत ओळखीसाठी नंबर कोरलेल्या कड्या घालायला जाळी लावली होती. काकूही आल्या होत्या. एवढा संसार झाला, पण त्या माळावर पहिल्यांदाच येत होत्या. जाळीत एक किरकिऱ्या सापडला आणि त्याच्या पायात आधीच कडी होती. मी भिंगातून नंबर वाचला, वही उघडली. पाच वर्षांपूर्वी घातलेली, पन्नास पावलांवर. मधल्या काळात या दोन नाण्यांच्या वजनानं दहा वेळा समुद्र ओलांडला होता आणि दरवेळी याच ओल्या तुकड्यावर उतरला होता. वहीत बघताना माझाच विश्वास बसेना. मी नंबर तीनदा तपासला.

"हिला द्या," काका म्हणाले.

काकूंनी घाबरत ओंजळ पुढं केली. काकांनी पक्षी त्यांच्या तळव्यावर उताणा ठेवला. असा ठेवला की तो क्षणभर हलत नाही.

"काय गं?"

"धडधडतंय," काकू म्हणाल्या. "एवढं जोरात... इतक्या लहानशा..."

पक्ष्यानं अंग वळवलं, तळव्यावर पाय रोवले आणि गेला. गवताच्या शेंड्यांवरून, उन्हात, एक मातकट ठिपका. काकू तो दिसेनासा होईपर्यंत ओंजळ तशीच धरून उभ्या होत्या, आणि काका पक्ष्याकडे न बघता काकूंकडे बघत होते.